मालकाची खाण बंद पडली की क्लब खेळाडू विकतो का?

‘आर्थिक मंदीचा फुटबॉल क्लबांच्या खेळाडू-खरेदीवरील परिणाम’ असा विषय घेऊन तुम्ही पीएचडीच्या प्रवेशमुलाखतीला गेलात, तर पहिला प्रश्न ठरलेला आहे : परिणाम म्हणजे नेमकं काय मोजणार? बहुतेकांचं उत्तरही ठरलेलं असतं, की मंदी आली की क्लब कमी खेळाडू घेतात. उत्तर चुकीचं नाही, पण त्यात संशोधन करण्यासारखं काही उरत नाही. पैसे कमी झाले की खर्च कमी होतो, हे सिद्ध करायला तीन-चार वर्षं आणि एक मार्गदर्शक कशाला खर्ची घालायचा?

विषय मात्र चांगला आहे, आणि आपल्याला तर फारच जवळचा. रत्नागिरीहून कोकण रेल्वेने दक्षिणेला निघालात की काही तासांत तुम्ही अशा राज्यात पोहोचता जिथे एका न्यायालयीन आदेशाने राज्याचा मुख्य उद्योग थांबला, आणि त्याच उद्योगातल्या घराण्यांचे देशातले अव्वल फुटबॉल क्लब होते. गोव्याकडे येऊच. त्याआधी मंदीत ट्रान्सफरचं नेमकं काय होतं ते समजून घेऊ. (मराठीत ‘बदली खेळाडू’ म्हणजे राखीव बाकावरून मैदानात येणारा, म्हणून इथे सरळ ‘ट्रान्सफर’च म्हणते.)

कोविडचे आकडे बघा. फिफाच्या अहवालांनुसार २०१९ मध्ये एका देशातून दुसऱ्या देशात झालेल्या ट्रान्सफरवर क्लबांनी सुमारे ७.३५ अब्ज डॉलर खर्च केले. २०२० मध्ये ही रक्कम सुमारे ५.६३ अब्जांवर आली, म्हणजे साधारण २३ टक्के घट. पण ट्रान्सफरची संख्या? ती १८ हजारांच्या आसपास होती, ती १७ हजारांच्या आसपास आली. घट जेमतेम ५ टक्के. खेळाडू जवळपास तितकेच हलले, पैसा मात्र हलला नाही. मग ते हलले कसे? उसनवारीवर, म्हणजे लोनवर. करार संपल्यावर फुकटात. ‘आत्ता घेतो, पैसे पुढच्या वर्षी’ या बोलीवर. तुमचा प्रश्न इथे सुरू होतो : मंदी ट्रान्सफरची संख्या बदलते की ट्रान्सफरची *जात* बदलते?

आणखी एक गंमत. २०२१ मध्ये सामने पूर्ववत होत आले होते, तरी रक्कम आणखी घसरून ४.८६ अब्जांवर गेली. मंदीचा परिणाम उशिरा दिसतो, कारण क्लबांचे करार अनेक वर्षांचे असतात. ज्याने फक्त ‘मंदीचं वर्ष’ आणि ‘त्याआधीचं वर्ष’ एवढीच तुलना केली, त्याच्या हातून अर्धी गोष्ट निसटते.

घसारा समजला की अर्धं फुटबॉल समजतं

वाणिज्य शाखेतून आलेल्यांना हे सोपं जाईल. मिरकरवाड्यात कुणी नवा ट्रॉलर घेतला तर त्याची किंमत एकाच वर्षाच्या खर्चात लिहीत नाहीत, दरवर्षी थोडा थोडा घसारा लावतात. क्लब खेळाडूच्या ट्रान्सफर फीचं तेच करतो. समजा, एका क्लबने ६० कोटींना खेळाडू घेतला आणि पाच वर्षांचा करार केला. दरवर्षी १२ कोटी खर्ची पडतील. तीन वर्षांनी वहीत त्याची किंमत उरते २४ कोटी.

आता मंदी आली. बाजारात त्या खेळाडूला २० कोटीच मिळतायत. विकला तर हातात २० कोटी रोख येतील, पण वहीत ४ कोटींचा तोटा दिसेल. रोख हवी की वही सांभाळायची? ज्याला पगार द्यायलाच पैसे नाहीत तो विकतो. ज्याची अडचण वहीची आहे (बँकेला, लीगला ताळेबंद दाखवायचाय) तो विकत नाही, लोनवर पाठवतो. पगाराचा भार कमी होतो आणि तोटाही आत्ता लिहावा लागत नाही.

उलट स्वतःच्या अकादमीत वाढलेला मुलगा. त्याची वहीतली किंमत शून्य. तो २० कोटींना गेला तर अख्खे २० कोटी नफा. म्हणून हिशेब जुळवायची घाई झाली की घरचा, गावचा पोरगा आधी बाजारात जातो. प्रेक्षकांना वाटतं क्लबला आपल्या मातीची किंमत नाही. किंमत आहे, फक्त वहीत शून्य लिहिलेली आहे.

या हिशेबाचं टोक बघायचं तर जून २०२०. बार्सिलोनाने आर्थरला युव्हेंटसला ७२ दशलक्ष युरोंना दिलं आणि युव्हेंटसकडून प्यानिचला ६० दशलक्षांना घेतलं (दोन्हीकडे वर काही अटींवरची रक्कम). प्रत्यक्षात हातबदल फक्त फरकाचा. पण दोन्ही क्लबांच्या त्या वर्षाच्या वहीत भरघोस नफा दिसला, कारण विक्रीचा नफा लगेच लिहितात आणि खरेदीचा खर्च पुढच्या वर्षांवर पसरतात. आर्थिक वर्ष ३० जूनला संपत होतं, आणि सौदा जाहीर झाला २९ जूनला! पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२१ मध्ये, स्पॅनिश लीगच्या पगारमर्यादेत बसत नाही म्हणून बार्सिलोनाला मेस्सीचा नवा करार नोंदवता आला नाही आणि तो एक पैसाही न मिळता गेला. वहीतला नफा काही पगाराच्या मर्यादेला पुरला नाही.

मंदीत सगळेच आखडतात असंही नाही. २०२० च्या उन्हाळ्यात चेल्सीने व्हेर्नर, हावेर्त्झ वगैरे मंडळींवर २०० दशलक्ष पौंडांहून जास्त ओतले. आधीच्या वर्षी फिफाच्या बंदीमुळे त्यांना खरेदी करता आली नव्हती, अझार विकल्याचे पैसेही होते. ज्याच्याकडे रोख असते त्याच्यासाठी मंदी म्हणजे सेल.

इथे श्लायफर आणि विश्नी यांचा १९९२ चा लेख वाचाच. फुटबॉलचा त्यात उल्लेख नाही, पण कल्पना तंतोतंत लागू पडते, आणि ती समजायला हापूसची बाग पुरते. एखाद्या बागायतदाराला नड आली आणि बाग विकायची वेळ आली, तर त्या बागेची खरी किंमत कोणाला कळते? शेजारच्या बागायतदाराला. पण मोहोरच गळाला असेल, तर शेजाऱ्याचाही तोच गळालाय. ज्याला किंमत कळते त्याच्याकडे पैसे नाहीत. मग बाग जाते बाहेरच्याकडे, पडेल भावात. म्हणजे भाव किती पडेल हे फक्त विकणाऱ्याच्या नडीवर ठरत नाही, *नेहमीचे गिऱ्हाईक त्याच वेळी नडले आहेत का* यावर ठरतं. तुमच्या अभ्यासात एकट्या क्लबची आर्थिक स्थिती मोजून भागणार नाही, त्याच्या गिऱ्हाइकांचीही मोजावी लागेल. प्रस्तावात हे एक वाक्य असलं तरी परीक्षक सरसावून बसतात.

गोवा : इथे गरीब कोण झालं?

आत्तापर्यंतचं सगळं युरोपचं. तिथे तिकिटं, टीव्ही, जाहिराती यातून क्लब कमावतो आणि मंदीत *क्लब* गरीब होतो. आपल्याकडे क्लबची स्वतःची कमाई खर्चाच्या मानाने नगण्य. क्लब चालतो मालकाच्या दुसऱ्या धंद्यावर. म्हणून इथे मंदीत *मालक* गरीब होतो. हा फरक वरवर लहान दिसतो, पण युरोपातलं मॉडेल जसंच्या तसं उचलून भारतीय आकड्यांवर बसवणारे याच ठिकाणी आपटतात.

गोव्याचा घटनाक्रम असा. आय-लीग २००७-०८ ला सुरू झाली. पहिले सहाच्या सहा हंगाम गोव्याच्या क्लबांनी जिंकले : धेंपो, चर्चिल ब्रदर्स, धेंपो, साळगावकर, धेंपो, चर्चिल. यातले साळगावकर हे खाण घराणं. सप्टेंबर २०१२ मध्ये शाह आयोगाचा बेकायदा खाणकामावरचा अहवाल संसदेत मांडला गेला, लगेच राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठली. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चमध्ये काम पुन्हा थांबलं. इकडे जून-जुलै २०१६ च्या सुमारास साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो हे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले.

आता दोन टोकं जोडली की गोष्ट तयार : खाणी बंद, मालकांचा पैसा आटला, क्लब संपले. गोव्यात चहाच्या टेबलावर तुम्हाला ही गोष्ट ऐकायला मिळेल. पटतेही. पण संशोधक म्हणून तुमचं काम ती मोडून बघण्याचं आहे, आणि सुदैवाने मोडून बघायची सोय आहे.

धेंपोंनी आपला खाणव्यवसाय २००९ मध्येच सेसा गोवाला १,७५० कोटी रुपयांना विकला होता. म्हणजे २०१२ च्या बंदीचा थेट फटका साळगावकरांना, धेंपोंना तसा नाही. राज्य तेच, लीग तीच, स्थानिक खेळाडूंचा बाजार तोच, फरक फक्त मालकाच्या खाणीचा. अर्थशास्त्रात ज्याला नैसर्गिक प्रयोग म्हणतात तो बहुधा इतका सुटसुटीत मिळत नाही. बंदीनंतर साळगावकर घसरायला हवा आणि धेंपो टिकायला हवा.

झालं उलटंच. २०१३-१४ च्या हंगामात साळगावकर तिसरा आला. आणि २०१४-१५ मध्ये पाच वेळा राष्ट्रीय विजेता राहिलेला धेंपो चक्क खालच्या विभागात गेला.

तुम्ही असता तर इथे काय केलं असतं? दोन वाटा आहेत. एक म्हणजे, गृहीतक फसलं म्हणून विषय सोडून देणं. (बरेच जण हेच करतात.) दुसरी, त्या दोन वर्षांत आणखी काय बदललं ते शोधणं. बदललं होतं मोठंच काहीतरी : ऑक्टोबर २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. जुलैमध्ये मुंबईत भारतीय खेळाडूंचा ड्राफ्ट झाला आणि आय-लीग क्लबांचे कित्येक खेळाडू लोनवर नव्या संघांत गेले. एफसी गोवाच्या मालकांत व्हिडिओकॉनसोबत श्रीनिवास धेंपो आणि दत्तराज साळगावकर होते. म्हणजे त्याच घराण्यांचा पैसा आणि लक्ष आता दुसऱ्या दुकानात. धेंपोचे मंदार राव देसाई, रोमिओ फर्नांडिस एफसी गोवाकडून लोनवर खेळले. रोमिओ तर पुढे २०१५ मध्ये ब्राझीलच्या अत्लेतिको परानाएन्सेकडे लोनवर गेला. खेळाडूच्या दृष्टीने सोनं झालं. पण आय-लीगचा हंगाम तोंडावर असताना क्लबला संघ बांधायला काय उरलं, हा प्रश्न आहेच.

२०१६ ला बाहेर पडतानाही तिन्ही क्लबांचा जाहीर आक्षेप पैशांवर नव्हता. महासंघाच्या नव्या आराखड्यात आयएसएल वर आणि आय-लीग खाली जाणार, याला त्यांचा विरोध होता. बाहेर पडणाऱ्यांत स्पोर्टिंगही होता, आणि तो काही खाण घराण्याचा क्लब नव्हता.

मग खाणबंदीचा परिणाम शून्य का? माझ्या मते नाही. पण ‘खाणबंदीने क्लब मारले’ हे आता म्हणता येत नाही. फार तर एवढं म्हणता येईल, की वरच्या लीगचा दरवाजा बंद होताना तो ढकलून धरायला लागणारा पैसा एरवी कदाचित निघाला असता. ‘कदाचित’ हा शब्द तिथे असायलाच हवा. आणि धेंपो ही तुलनेसाठी आदर्श बाजू आहे असंही समजू नका. मांडवी-जुवारीतल्या बार्ज उभ्या राहिल्या, ट्रक दारात लागले, तेव्हा साऱ्या गोव्याच्या बाजारपेठेला झळ बसली. ज्याच्याकडे खाण नव्हती तोही पूर्ण कोरडा राहिला नसणार. तुलनेचा गटच थोडा भिजलेला असेल तर परिणाम आहे त्यापेक्षा कमी दिसतो.

दोन धक्के एकाच वेळी येणं ही गोव्याचीच रड नाही. २००२ मध्ये इंग्लंडमध्ये आयटीव्ही डिजिटल बुडाली आणि खालच्या विभागांतल्या क्लबांचा ३१.५ कोटी पौंडांचा टीव्ही करार कोसळला. त्याच २००२-०३ च्या हंगामापासून ट्रान्सफर विंडोचा नियमही आला, म्हणजे ठरावीक महिन्यांतच खरेदी-विक्री. ट्रान्सफर कमी झाल्या त्या पैसे नसल्याने की दिवसच नसल्याने? नुसत्या आकड्यांच्या चढउतारावरून हे सांगणं अवघड आहे.

पुण्याचा धडा

खाणबंदीपेक्षा स्वच्छ उदाहरण हवं असेल तर पुण्याकडे बघा. एफसी पुणे सिटी हा आयएसएलचा क्लब वाधवान समूहाचा, म्हणजे डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीमागच्या मंडळींचा. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस थकली आणि बिगरबँक वित्तीय कंपन्यांचा पैशाचा ओघ आटला. २०१९ मध्ये डीएचएफएलची देणी थकायला लागली, नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ बरखास्त केलं. या सगळ्याचा फुटबॉलशी काडीचा संबंध नाही, आणि म्हणूनच हा धक्का अभ्यासाला चांगला : क्लब हरत होता म्हणून मालक बुडाला, असं कोणी म्हणू शकत नाही.

युरोपात अशा वेळी क्लबने खेळाडू विकले असते. इथे काय झालं? आशिक कुरुनियनसारखा एखादा खेळाडू बंगळुरूकडे गेला खरा, पण मुख्य सौदा वेगळाच होता. लीगमधली अख्खी जागाच गेली. ऑगस्ट २०१९ मध्ये नव्या मालकांनी हैदराबाद एफसी उभा केला आणि मार्सेलिन्हो, आदिल खान यांच्यासारखे खेळाडू आणि प्रशिक्षक फिल ब्राऊन तिकडे गेले. म्हणजे *खेळाडूऐवजी क्लबच ट्रान्सफर झाला*.

याचं कारण आधीच्याच हिशेबात आहे. आपल्याकडे बरेच करार एक-दोन हंगामांचे असत, करार संपला की खेळाडू मोकळा. ट्रान्सफर फी देऊन घेण्याची पद्धतच तुरळक. विकायला वहीत काही नसेल तर नडलेला मालक विकणार काय? त्याच्याकडे किमतीची वस्तू एकच : लीगमधलं स्थान. वर-खाली जाण्याची पद्धत नसलेल्या लीगमध्ये त्या जागेला भाव असतो. माझ्या वाचनानुसार भारतीय फुटबॉलच्या मंदीतला हा सर्वांत महत्त्वाचा फरक आहे आणि त्यावर नीट लिहिलं गेलेलं नाही. कोणी घेत असाल तर जरूर घ्या.

किंमत मात्र शेवटी खेळाडूच मोजतो. हैदराबादने २०२१-२२ ची आयएसएल जिंकली, आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आतच पगार थकले, खेळाडूंच्या देण्यांवरून फिफाने नवे खेळाडू नोंदवण्यास बंदी घातली, जानेवारी २०२४ मध्ये बरेचसे खेळाडू सोडून गेले आणि उरलेला हंगाम मुख्यतः तरुण पोरांवर ढकलला गेला. २०२५ मध्ये तीच जागा दिल्लीला गेली. पुणे, हैदराबाद, दिल्ली. फिफाची ही बंदी तुमच्या आकड्यांत ‘क्लबने खरेदी केली नाही’ अशीच दिसेल. क्लबने *ठरवून* घेतले नाहीत की त्याला *घेऊ दिले नाहीत*, हे वेगळं नोंदवलं नाहीत तर ‘धोरण’ हा शब्द वापरूच नका.

आता माहिती मिळणार कुठून? फिफाचे अहवाल फक्त आंतरराष्ट्रीय ट्रान्सफरचे, त्यामुळे म्हापशाचा मुलगा मडगावच्या क्लबकडे गेला तर तो त्यात नाही. संकेतस्थळांवर खेळाडूंच्या ज्या किमती दिसतात त्या अंदाज असतात, प्रत्यक्ष दिलेली रक्कम नव्हे. भारतीय खेळाडूंच्या बाबतीत तर जास्तच जपून. कंपनी म्हणून नोंदलेल्या क्लबांचे ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर थोडं शुल्क भरून बघता येतात. कंटाळवाणं काम, पण मालकाने क्लबमध्ये दरवर्षी किती ओतले हे तिथेच कळतं, आणि आपल्या प्रश्नाचा गाभा तोच आहे. फक्त क्लब वेगळी कंपनी आहे की मोठ्या कंपनीचा एक विभाग, ते आधी तपासा. विभाग असेल तर खर्च दुसऱ्याच मथळ्याखाली गाडलेला असतो.

उरली वर्तमानपत्रं. गोव्याच्या क्लबांच्या ट्रान्सफरच्या बातम्या तारखेनिशी तिथेच मिळतील, मराठीतही. पण कात्रणं जमवताना पत्राची मालकी बाजूला लिहून ठेवा. ‘नवप्रभा’ आणि ‘नवहिंद टाइम्स’ धेंपो समूहाचे. ‘गोमंतक’ १९६२ मध्ये सुरू केला चौगुल्यांनी, तेही खाणमालकच (पुढे तो सकाळकडे आला). बातमी खोटी असेल असं मी म्हणत नाही. पण खाणबंदीने फुटबॉल मेला ही गोष्ट ज्यांना सोयीची होती त्यांच्यापैकी काहींच्या हातात छापखानाही होता, एवढं ध्यानात ठेवून वाचायला लागा. सुरुवात २०१२ च्या सप्टेंबरपासून नको, २००९ पासून करा. बंदीआधीचे तीन हंगाम हातात नसतील, तर नंतरच्या घसरणीची तुलना करणार कशाशी?